अंगठा आमचा, वही कुणाची?

१९७२ च्या दुष्काळात माझी दादी खडी फोडायला जात होती. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे हे सगळं घरात ऐकलेलं. बालाघाटच्या डोंगरातलं आमचं गाव. विहिरी आटलेल्या, जनावरं छावणीला गेलेली. सकाळी निघायचं, दिवसभर हातोडी चालवायची आणि आठवड्याच्या शेवटी मुकादमासमोर रांग लावायची. मुकादमाच्या मांडीवर मस्टर, म्हणजे हजेरीपट. त्यात नावासमोर अंगठा उठवायचा आणि हातावर पडतील ते पैसे घेऊन यायचं. दादीला वाचता येत नव्हतं. किती दिवस भरले, किती मांडले, किती रुपये लिहिले आणि किती दिले, हे तिला त्या कागदावरून कळत नव्हतं. नंतर कधी त्या दिवसांचा विषय निघाला की ती आपल्या बोलीत एवढंच म्हणायची, ‘‘अंगठा मेरा, वही उनकी.’’

त्या वेळी मला ही म्हातारीची कुरकुर वाटायची. पुढे थोडं वाचन झालं, थोडं जग पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की दादीच्या त्या चार शब्दांत राजकारणातला एक मोठा प्रश्न आहे. नोंद आपल्याविषयी असते. तिच्यावर आपली मजुरी, आपली जमीन, आपली अब्रू अवलंबून असते. पण ती दुसऱ्याच्या हातात असते आणि आपल्याला ती उघडून पाहता येत नाही. आज मी याच वहीविषयी बोलणार आहे. ती कधी कागदाची होती, कधी जंगलाची, आणि आता ती संगणकात आहे.

दुष्काळाच्या त्या कामांतूनच महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी या योजनेचा पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे वचन महाराष्ट्राने देशाच्या खूप आधी दिलं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र मागेल त्याला मस्टर दाखवू, असं म्हणणारी चळवळ उभी राहिली ती राजस्थानात.

१९८७ मध्ये अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह ही मंडळी राजसमंद भागातल्या देवडुंगरी नावाच्या छोट्या गावात जाऊन राहिली. अरुणा रॉय यांनी त्याआधीच सनदी नोकरी सोडली होती. मातीच्या घरात राहायचं, आसपासच्या मजुरांचे प्रश्न समजून घ्यायचे, असा तो संसार. १ मे १९९० रोजी त्यांनी गावकऱ्यांसह मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केलं. प्रश्न साधा होता. सरकारी दुष्काळी कामावर किमान मजुरी मिळत नव्हती. विचारलं तर उत्तर यायचं, तुम्ही काम कमी केलंत. मग मजूर म्हणाले, मोजमाप दाखवा, मस्टर दाखवा. त्यावर सांगण्यात आलं की ही कागदपत्रं गोपनीय आहेत. इंग्रजांनी १९२३ मध्ये हेरगिरी रोखण्यासाठी केलेल्या गोपनीयतेच्या कायद्याची सावली खेड्यातल्या बंधाऱ्याच्या मस्टरवरही पडली होती!

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई झाली. कुठून कुठून मिळवलेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचण्यात आल्या. अमुक माणसाने इतके दिवस काम केलं, त्याला इतके रुपये दिले. ऐकणाऱ्यांमधून आवाज यायचा, अरे, हा तर कधी कामावर आलाच नाही. कुणाचं नाव होतं, पण तो गाव सोडून गेलेला. एखादं बांधकाम कागदावर पूर्ण आणि जागेवर अर्धवट. या प्रसंगात मला जे फार मोठं वाटतं, ते हे, की तिथे जमलेल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. वही वाचायला अक्षर लागतं, पण तपासायला गावाची ओळख लागते, आणि ती त्यांच्याजवळ भरपूर होती. कुठल्याही लेखापरीक्षकाला जे सापडलं नसतं, ते त्या बायाबापड्यांनी बसल्या जागी सांगितलं.

एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी, भैरोसिंह शेखावतांनी, पंचायतीच्या कामांच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना मिळतील असं विधानसभेत जाहीर केलं. वर्ष उलटलं, आदेश काही निघाला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ ला ब्यावर शहरात लोक धरण्याला बसले आणि चाळीस दिवस बसून राहिले. गावोगावचे लोक धान्य घेऊन यायचे, शहरातले लोक पैसा आणि भाजी द्यायचे. घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब.’ आंदोलन मजुरीचं होतं, ते माहितीचं झालं. १९९७ मध्ये तमिळनाडू आणि आपल्या शेजारच्या गोव्याने माहितीचे कायदे केले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर २००३ मध्ये नवा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. दहा रुपयांच्या अर्जावर वही उघडू लागली.

आता दुसरी वही. ही जंगलाची.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंडांचं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरं आणि भोवती अठराशे हेक्टरांहून अधिक जंगल. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम इथल्या प्रस्तावित धरणांविरुद्ध आदिवासींचं मोठं आंदोलन झालं. त्या मंथनातून या गावात एक विचार रुजला, आणि त्याची घोषणा पुढे महाराष्ट्रभर गेली : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ ऐकायला ही घोषणा बंडखोर वाटते. पण नीट ऐका. दिल्ली-मुंबईचं सरकार ती नाकारत नाही, त्यालाही ‘आमचं’ म्हणते. फक्त आपल्या उंबऱ्यातला कारभार दुसऱ्याच्या हाती द्यायला ती तयार नाही.

देवाजी तोफा हे या गावाचे पुढारी, आणि २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती. या गावाने दोन गोष्टी धरून ठेवल्या. पहिली सर्वसहमती. बहुमताने निर्णय घ्यायचा नाही. एकाची जरी हरकत असली तरी थांबायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. दुसरी अभ्यास गट. निर्णय ग्रामसभेत घ्यायचा, पण त्याआधी विषय समजून घ्यायला गटात बसायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, कायदा वाचायचा. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे लोक आंदोलनाला बसतात, पण अभ्यासाला बसत नाहीत. मेंढ्याचे लोक दोन्हीला बसले.

वनहक्काचा कायदा २००६ मध्ये झाला, त्याची अंमलबजावणी २००८ पासून सुरू झाली आणि २००९ मध्ये मेंढ्याला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी हे एक. पण हक्क मिळाला आणि गाडी बांबूपाशी अडली. बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत. १९२७ च्या वन कायद्याने मात्र त्याला झाडांत बसवलं होतं. नव्या कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, म्हणजे तो गावाचा. तरी तो विकायला बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक वन खात्याकडे. जंगल तुमचं, बांबू तुमचा, पण पुस्तक आमचं! दादी असती तर तिला हे लगेच कळलं असतं.

२७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचं ते पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. आता शिक्का ग्रामसभेचा. बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले आणि तो किती तोडायचा, किती राखायचा, हे गावच ठरवू लागलं. २०१७ मध्ये केंद्राने मूळ कायदाच दुरुस्त करून वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून काढला. पर्यावरण म्हटलं की आपल्याला रोपं लावणारे पाहुणे आठवतात. पण जंगल टिकण्याचा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे. ज्याला उद्याही तिथेच राहायचं आहे, त्याच्या हाती हिशेब असेल तर तो मुळासकट तोड करणार नाही, कारण उद्याचा चुलाही त्यालाच पेटवायचा असतो.

तिसरी वही यंत्रातली. इथे मी जरा भीतभीतच पाऊल टाकतो, कारण मी कवी माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंतचं. पण मस्टर न वाचता येणाऱ्या बायांनी मस्टर तपासलं, मग आपण का मागे राहावं?

१९८० च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इथल्या नामांकित तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या छपाई यंत्रात कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर सूचना यावी, असा बदल त्याने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता. मग नवं यंत्र आलं. कागद त्यातही अडकायचा, पण त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ लिखावट, जिला सोर्स कोड म्हणतात, ती दिलेलीच नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे ती होती. स्टॉलमनने मागितली. तो म्हणाला, कुणाला देणार नाही असं लिहून दिलंय. ही नकारघंटा स्टॉलमनच्या मनात घुमत राहिली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने जाहीर केलं की जे कुणालाही वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल असं सॉफ्टवेअर आपण लिहिणार आहोत. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले. आज जगातले बहुसंख्य मोठे संगणक आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या पायावर चालतात. कुणाची आज्ञा नसताना, देशोदेशीच्या लोकांनी मिळून केलेलं हे काम आहे.

वही उघडी नसली की काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडने दिलं. तिथे गावोगावच्या पोस्टाच्या शाखा बहुधा छोटे दुकानदारच चालवतात. १९९९ पासून या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. फुजित्सू कंपनीची. थोड्याच दिवसांत जागोजागी हिशेबात तूट दिसू लागली. शाखा चालवणारे म्हणत, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पोस्ट म्हणे, यंत्र सांगतं तूट आहे, भरून द्या. मदतीच्या फोनवर अनेकांना ऐकवलं गेलं, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. लोकांनी बचत मोडली, घरं गहाण टाकली. नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या तेव्हा गरोदर होत्या आणि तो दिवस त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. न्यायालयात गृहीतच असं होतं की संगणक बरोबर चालतो. तो चुकला म्हणणाऱ्याने चूक दाखवावी. पण चूक दाखवायची तर वही उघडायला हवी, आणि वही बंद.

वेल्समध्ये शाखा चालवणारे अॅलन बेट्स यांनी तूट भरायला नकार दिला म्हणून २००३ मध्ये त्यांचं काम गेलं. ते गप्प बसले नाहीत. आपल्यासारखे आणखी कोण आहेत, हे शोधत राहिले. २००९ मध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात ही मंडळी पहिल्यांदा एकत्र जमली. प्रत्येकाला वाटत होतं, जगात आपण एकटेच. खोलीत शिरल्यावर कळलं, एकटं कुणीच नव्हतं. मला तर ही कोट किरानाचीच जनसुनवाई वाटते. पुढे ५५५ जणांनी दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की यंत्रणेत चुका होत्या आणि त्यांनी शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती. खटल्यात हेही उजेडात आलं की कंपनीकडे माहीत असलेल्या चुकांची एक नोंदवहीच होती. म्हणजे वही होती! फक्त ज्यांच्या गळ्याला फास लागला होता, त्यांना ती दाखवलेली नव्हती. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकाच वेळी रद्द केली आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांचा कलंक पुसला. पण २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागात किमान तेरा आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असावा, असं नोंदवलं आहे. त्यांची शिक्षा कुणाला रद्द करता येणार?

यंत्रातली वही आणि जंगलातली वही शेवटी एकच आहे, हे २०१५ मध्ये दिसलं. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं, की आपली धुराची चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची. चाचणीपुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की नायट्रोजनची विषारी संयुगं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्याही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. ही लबाडी पकडली कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने, ज्यात भारतातून शिकायला गेलेले तरुणही होते. त्यांनी धूर मोजायचं यंत्र गाडीतच ठेवलं आणि गाडी सरळ रस्त्यावर पळवली. प्रयोगशाळेतला कागद एक सांगत होता, रस्ता दुसरंच. पण सॉफ्टवेअर बंद पेटीत असल्यामुळे तोवर अनेक वर्षं तो धूर कोट्यवधी लोकांच्या छातीत गेला होता.

मग वही उघडी ठेवली की सगळं आपोआप नीट होईल? तसं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या उघड्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर एक स्वयंसेवक जवळपास एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता. थकला होता. त्याला मदतीचा हात देत कुणीतरी खोट्या नावाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग आत सुरुंग पेरला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्राला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, अशी शंका आली, त्याने खणून पाहिलं आणि मोठं संकट टळलं. वही उघडी होती म्हणून चोरी सापडली. पण वहीजवळ एकच थकलेला माणूस बसला होता म्हणून ती होऊ शकली. मेंढ्याचा अभ्यास गट इथे आठवतो. उघड्या वहीला वाचणारे लागतात, आणि त्या वाचणाऱ्यांच्या पोटाची काळजीही कुणीतरी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचंही तेच आहे. कायदा आहे म्हणून अर्ज करणारे कार्यकर्ते सुरक्षित राहतात असं नाही. २०१० मध्ये पुण्याजवळ सतीश शेट्टी यांचा खून झाला, हे आपण विसरलेलो नाही.

आणि आता पुन्हा मस्टरकडे येतो. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल अॅपमधून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. हेतू चांगला होता, खोटी हजेरी थांबावी. पण नेटवर्क नाही, फोटो चढला नाही, म्हणून रोज बुडाल्याच्या तक्रारी राज्याराज्यांतून आल्या आणि त्या फेब्रुवारीत मजूर दिल्लीत जंतरमंतरवर धरण्याला बसले. दुसरीकडे, फोटोचाच फोटो काढून किंवा भलतेच फोटो टाकून हजेरी लावली जाते, असं जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं. म्हणजे प्रामाणिक मजुराचा दिवस गेला आणि चोराने वाट काढली.

यंत्राला माझा विरोध नाही. दादीच्या काळच्या मुकादमापेक्षा यंत्र बरं, असंही मी म्हणेन. पण मुकादमाला निदान तोंडावर विचारता येत होतं. पडद्यावर ‘हजेरी नाही’ असं आलं तर बाईने कुणाला विचारायचं? ते यंत्र कसं ठरवतं, चुकलं तर कोण दुरुस्त करतं, आणि ती चूक कुठल्या वहीत लिहिली जाते, हे गावात बसून मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे. कोट किरानाच्या लोकांनी एवढंच मागितलं होतं.

दादी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्या उजव्या अंगठ्याला खडी फोडून फोडून पडलेला घट्टा होता. बायोमेट्रिक यंत्राने तो अंगठा ओळखला असता की नाही, हा विचार हल्ली रेशन दुकानातल्या रांगेत उभं राहिलं की माझ्या मनात येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)